आकसून राहिलेली ठकी

खूप वर्षांपूर्वी एका गुराख्याच्या टाचेत केसाहून बारीक रक्तवाहिनी होती. तिची भिंत म्हणजे एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी. त्यातली ठकी भिंतीपलीकडच्या सगुणामावशीशी, म्हणजे टाचेतल्याच एका म्हाताऱ्या पेशीशी, दिवसभर गप्पा मारायची.

एकदा टाचेत बाभळीचा काटा रुतला. “आकसा गं, वाट द्या!” अशी हाक आली. साऱ्याजणी आकसल्या, फटी पडल्या, आणि रक्तातले पांढरे शिपाई बाहेर पडून जंतूंवर तुटून पडले.

काटा निघाला, जंतू मेले. “आता सैल व्हा,” अशी दुसरी हाक आली. शेजारणी सैल झाल्या. ठकी मात्र अंग चोरून तशीच राहिली.

“ठके, फटीतून पाणी झिरपतंय गं. पसर जरा,” मावशी म्हणाली.

“आणि पुन्हा काटा आला तर? तुझ्यासाठीच तर आकसून बसलेय मी!”

झिरपलेलं पाणी साचून टाच टम्म फुगली, मावशी त्यात गुदमरू लागली. मावशीचा आवाज बारीक होत गेला आणि शेवटी कायमचा थांबला. तेव्हा कुठे ठकी घाबरून सैल झाली.

अजूनही ती रोज भिंतीपलीकडे सांगते, “मावशी, मिटली बघ फट.”