म्हशीचा सा

वाद्यं आपली आपणच वाजत, त्या काळी एका बाजारगावात गानमंडप होता. सारंगीआजी तिथे रोज मन लावून गात असत, पण ऐकायला फक्त एक मांजर येई, तेही झोपायला. शेवटी गावचा कारभारी बैल म्हणाला, "आजही कोणी आलं नाही, तर संध्याकाळी इथे कडबा भरू."

"या गावाला कानच नाहीत," सारंगीआजी म्हणाल्या.

घरातली नवी सून तंबोरी दाराशी गेली आणि रवंथ करणाऱ्या म्हशीला म्हणाली, "मावशी, आमच्याकडे एक आवाज कमी पडतोय. जरा सा धरता?"

"म्हशीला सा? घराण्याचं नाव घालवशील," आजी कुजबुजल्या.

म्हशीने तारेला कान लावून सा धरला, भरदार आणि जागचा न हलणारा. म्हैस गाते हे बघायला शेळ्या आल्या, तंबोरीने त्यांनाही सा दिला. गाढवाला मात्र तिने मान डोलवायचं काम दिलं. त्या सगळ्यांच्या सुरावर आजींचा यमन चढला, तेव्हा मांजरसुद्धा उठून बसलं.

कडब्याची गाडी आली, पण तोवर सारा बाजार लोटला होता, मंडपात जागा नव्हती. बैलाने कडबा बाहेर अंथरला, दाराबाहेरच्या श्रोत्यांना बसायला. उशिरा आलेल्या शेळ्यांनी आपली बैठक थोडी खाल्लीही.

"सूनबाई," सारंगीआजी तारा पुसत म्हणाल्या, "उद्या म्हशीबाईंना जरा लवकर बोलाव."