पंख खुडणारा मुंगळा

मुलांनो, ही गोष्ट मला नीट आठवते असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. लहानपणी ऐकली तेव्हा तिच्यात एक सरडाही होता असे वाटते, पण तो काय करत होता ते आता आठवत नाही, म्हणून त्याला वगळतो. झुडूप रुईचे होते, एवढे बहुधा बरोबर असावे. तेही चुकले असेल तर मला क्षमा करा. बाकीची गोष्ट मात्र मी मनात इतक्या वेळा तपासून पाहिली आहे की तिच्यात फार चूक नसावी.

जंगल विरळ होत होत जिथे माळाला मिळते, तिथे रुईच्या एका झुडपावर एक मुंगळा राहत असे. गुरे पाळणे हा त्याचा पिढीजात धंदा. हसू नका, मुंगळ्यांचीही गुरे असतात. रुईच्या कोवळ्या शेंड्यावर मोहरीहून बारीक पिवळे किडे दाटीने चिकटलेले तुम्ही पाहिले असतील. त्यांना मावा म्हणतात. ते दिवसभर झाडाचा रस पितात आणि मुंगळ्याने मिशीने पाठ थोपटली की मधासारखा गोड थेंब देतात. तेच त्याच्या घरचे दूध.

तरुणपणी वादळात एक झुडूप उन्मळून पडले, तेव्हा त्यावरची माव्याची तीन पिल्ले तोंडात धरून, तीन खेपा घालून त्याने इथे आणली होती. त्यांचाच पुढे एवढा मोठा कळप झाला. उन्हाच्या वेळी तो गुरांना पानाखाली हलवी, पावसात बुंध्याच्या आडोशाला आणी. ठिपक्यांचा लाल भुंगेरा मावा खाऊन टाकतो. त्याला हाकलताना मुंगळ्याचा मागचा एक पाय कायमचा मोडला. लंगडत लंगडत तो कामाला जाई, पण एक सकाळ चुकली नाही. लग्न झाले, मुले झाली, एकेक करून सारी आपापल्या संसाराला लागली. धाकटी लेक तेवढी त्याच्यापाशी राहून कामाला हात लावी.

"लेकरांना हाक मारताना तीन नावं चुकतात तेव्हा चौथं बरोबर येतं," बायको म्हणे. "गुरांना मात्र कधी चुकत नाही तुम्ही."

"लेकरं वाटेला लागतात," तो म्हणे. "गुरं दारात राहतात."

गुरे दारात राहत, त्यालाही एक कारण होते. कळपातल्या एखाद्याच्या पाठीवर कधीकधी पंख फुटत. मुंगळ्याच्या घराण्याची त्यावर एकच रीत होती. पंख दिसला की त्याच सकाळी तो मुळापासून कुरतडून टाकायचा. वडील तसे करत, आजोबाही तसेच करत. पंख खुडलेला मावा दोन दिवस गप्प राही, मग पुन्हा थेंब देऊ लागे. इतक्या वर्षांत या रीतीने काही बिघडल्याचे कोणाला दिसले नव्हते. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते, असे मला वाटते.

एके वर्षी, सलग दुसऱ्यांदा, पाऊस उणा पडला. पुढच्या उन्हाळ्यात आधी पाच-सहा गुरांना पंख फुटले, मग वीस-पंचवीसांना, आणि पंधरा दिवसांत निम्म्या कळपाच्या पाठीवर पंखांचे कोंब दिसू लागले. त्याच झुडपावर एक रंगीत टोळ राहत होता. त्याला थट्टेला विषयच मिळाला.

"काय पाटील, गुरांना पंख फुटले म्हणे. आता अंडीही द्यायला लागतील."

"तू आपली पानं खा," मुंगळा म्हणाला.

"खाण्यासारखी राहिलीत कुठे? चामडं चावल्यासारखं वाटतं. मी उद्या निघतो." आणि टोळ दुसऱ्या दिवशी खरोखरच निघून गेला.

धाकटी एका सकाळी बापाच्या मागे शेंड्यावर आली. तो कामाला लागला होता. त्याच्या पायांशी पंखांचा पाचोळा पडला होता.

"आबा, यंदा नका खुडू," ती म्हणाली. "एवढ्या सगळ्यांना एकदम पंख येतात, त्याला काहीतरी कारण असेल. जाऊ दे त्यांना. कुठं उतरतात ते बघू आणि आपण मागनं चालत जाऊ."

"गेलेलं जनावर मग कुणाचं राहतं, सांग?"

"ज्याला ओळखतं त्याचं."

"तू अजून लहान आहेस," मुंगळा म्हणाला. "मी तीन पिल्लांवर हे सगळं उभं केलंय. उडून जाऊ दिलं असतं तर तुझ्या तोंडात थेंब पडला नसता."

हे खरेच होते. मग कळपातली सगळ्यात म्हातारी गाय बोलली. ती मुंगळ्याशी सहसा बोलत नसे. "धनी, पंख आम्ही मागत नाही. सोंड खुपसली की रस लागत नाही, मग ते येतात."

"रस लागत नाही, तर सोंड जरा खोल खुपसा," मुंगळा म्हणाला आणि पुढच्या पंखाकडे वळला.

त्या उन्हाळ्यात त्याने जेवढे कष्ट केले तेवढे उभ्या जन्मात केले नव्हते. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत तो खुडत असे. खाली आला की जबडा दुखे आणि बायको त्यावर ओल्या मातीचा लेप लावी. एकही जनावर त्याने उडू दिले नाही. मात्र थेंब बारीक होत गेले. मग दोन गुरांमागे एक थेंब मिळू लागला, मग तोही तुरट लागू लागला. शेंडा वाकला. पाने एकेक करून गळाली.

धाकटीने मग बापाला न विचारता माळाची वाट धरली. तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठी तिला रुईचे एक हिरवेगार झुडूप सापडले. ती आल्या पावली परतली. एकेक गूर तोंडात धरून न्यायचे, जसे बापाने एके काळी नेले होते, असे तिच्या मनात होते.

ती घरी पोचली तेव्हा आई बुंध्याशी बसली होती. "वर जा," आई म्हणाली. "माझं ऐकत नाहीत. चार दिवस खाली उतरले नाहीत."

वर मुंगळा आपल्या कळपात उभा होता आणि म्हाताऱ्या गाईची पाठ मिशीने थोपटत होता. गाय काडीला चिकटून वाळून गेली होती. आत काही उरले नव्हते. सारा कळप तसाच होता, ओळीने, जिथल्या तिथे.

"आज देत नाही ही," मुंगळा म्हणाला. "काल थोडंसं दिलं होतं."

"आबा, चला."

"गुरं अशी उघड्यावर टाकून?"

मुलगी त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिने त्याचा मोडका पाय आपल्या पायावर घेतला. तेव्हा तो निघाला.

ओढ्याकाठच्या झुडपावर ते पोचले तेव्हा शेंड्यावर दहा-बारा पिवळे मावे बसले होते. कोणाचे ते कोणास ठाऊक. त्यांच्या पाठीवर पंख होते आणि शेजारी त्यांची नुकतीच जन्मलेली पिल्ले होती.

"ह्यांना इथं कुणी आणलं?" मुंगळ्याने विचारले.

"उडत आली असतील, आबा."

तो त्या पंखांकडे पाहत राहिला. त्याने जबडा उघडला नाही. "माझीही आली असती," तो म्हणाला. त्यानंतर तो कोणत्याच कळपाजवळ गेला नाही. लेक गुरे राखी, बायको त्याला थेंब भरवी आणि तो खालच्या पानावर बसून असे. पावसाळा लागण्याआधीच तो मेला.

ही गोष्ट ऐकली तेव्हा मला ती कल्पित वाटली होती. मुंगळ्यांमध्ये असे घर-संसार नसतात, हे तर पुढे शाळेतच कळले. पण पुष्कळ वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, मी एका कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला मुद्दाम विचारले. काही जातींच्या मुंग्या माव्याचे पंख खरोखरच तोडतात, असे त्यांनी सांगितले. आणि झाडाचा रस आटू लागला किंवा दाटी झाली की माव्यात पंखांची पिढी निपजते, हेही खरे आहे.

तात्पर्य : आपल्या आधाराने जगणाऱ्यांच्या अंगी नवे बळ आले, तर ते आपल्याला सोडून जाण्यासाठीच आले असे समजून खुडून टाकू नये, ते का आले, हे आधी त्यांना विचारावे आणि त्यांनी सांगितले तर ऐकावे.