नव्या बंदिशीचा पहिला गळा

एकदा एक बंदिशकार होते, अशी सुरुवात केली की ऐकणाऱ्यांना लगेच राजामहाराजांचा काळ आठवतो. ही गोष्ट तितकी जुनी नाही. संस्थाने नुकतीच विलीन झाली होती आणि आळीतल्या एखाद्या घरी रेडिओ वाजू लागला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. गावाचे नाव मात्र मी सांगणार नाही. सांगितले की त्या गावचे लोक अभिमानाने पत्र पाठवतात आणि शेजारच्या गावचे लोक शंका काढतात, असा माझा अनुभव आहे.

त्या बंदिशकारांना सगळे नुसते बुवा म्हणत. त्यांचे आयुष्य बाहेरून पाहिले तर चार ओळींत मावेल. वडील कीर्तनकार होते. त्यांच्या मागे झांजा घेऊन उभे राहता राहता बुवांच्या अंगात ताल मुरला. पुढे एका गवयाच्या घरी राहून त्यांनी विद्या संपादन केली, दरबारात नोकरी मिळवली, आणि दरबार संपला तेव्हा मुलींच्या शाळेत गाणे शिकवू लागले. स्वतः त्यांनी मैफली फारशा केल्या नाहीत. त्यांचा सगळा जीव बंदिशी बांधण्यात होता.

बंदिश म्हणजे रागात आणि तालात बसवलेले छोटेसे गीत. शब्द मोजके, कडवी जेमतेम दोन, पण त्यांच्याच आधाराने गायक तासभर राग फुलवतो. ऐकणाऱ्याला समोर गायक दिसतो आणि दाद त्यालाच मिळते. ज्याने ते गीत बांधले तो कुठे बसला आहे, हेही कोणी विचारत नाही. बुवांना याचे वाईट वाटत नसे. वाटत असले तरी त्यांनी ते कोणाला दाखवले नाही.

बुवांकडे पुष्कळ जण शिकून गेले, पण आपल्या गोष्टीपुरते दोघेच पुरेत. एक शरयू. तिचा आवाज तिन्ही सप्तकांत विनासायास फिरत असे आणि ती नुसता षड्ज लावू लागली तरी रस्त्याने जाणारा माणूस थांबे. दुसरे त्र्यंबक मास्तर, मुलांच्या शाळेत चित्रकला शिकवणारे चाळिशीचे गृहस्थ. लहानपणी त्यांना घटसर्प झाला होता. जीव वाचला, पण गळा गेला तो गेलाच. आवाज खरखरीत, वरच्या स्वरांवर चिरकणारा. स्वरज्ञान पक्के, तालात कधी चूक नाही, पण ते गाऊ लागले की काकूसुद्धा, म्हणजे बुवांच्या पत्नी, हळूच स्वयंपाकघराचे दार लोटून घेत.

आणि तरीही बुवांची नवी बंदिश तयार झाली की ती सर्वांत आधी मास्तरांना मिळे. बुवा म्हणत, "मास्तर, पुढे या," आणि मास्तर पुढे सरकून बसत. पंधरवडाभर बुवा त्यांच्याकडूनच ती घोटून घेत. शरयू मागे बसून तानपुरा छेडत राही. मग एखाद्या दिवशी बुवा तिच्याकडे वळत आणि म्हणत, आता तू घे.

शरयूला या प्रकाराचे फार कुतूहल होते. तिने आपल्या परीने पुष्कळ तर्क लढवून पाहिले. प्रथम तिला वाटले की बुवांना मास्तरांची दया येत असावी. पण बुवा मास्तरांवर जसे डाफरत तसे ते आणखी कोणावरच डाफरत नसत, आणि दया करणारा माणूस असा वागत नाही. मग तिला वाटले, काही नातेगोते असेल. तिने आडून आडून काकूंना विचारले. काकू म्हणाल्या की नाते तर सोडच, मास्तरांचे मूळ गाव कोणते हेही आपल्याला धड ठाऊक नाही. मलाही हे कोडे उलगडलेले नाही, त्यांनाच विचार, आणि उत्तर मिळाले तर मलाही येऊन सांग, असेही त्या वर म्हणाल्या.

राहता राहिला तिसरा तर्क. आपला अहंकार मोडण्यासाठी बुवा हे करतात, असे तिला वाटू लागले. पहिले दोन तर्क आले तसे गेले, हा मात्र मनात घर करून राहिला. हुशार माणसाचे असेच होते. एखादी गोष्ट कळली नाही की ती आपल्याविरुद्धच असणार, अशी त्याची खात्री होते.

त्याच वर्षी मोठ्या शहरातल्या संगीत परिषदेचे शरयूला निमंत्रण आले. तिच्या आयुष्यातली ही पहिली मोठी बैठक. इकडे बुवा पूरिया धनाश्री रागात एक नवी बंदिश बांधत होते. त्यांची छाती अलीकडे साथ देत नव्हती, आणि यानंतर आपल्या हातून काही होईल असे वाटत नाही, हे ते मोकळेपणाने बोलून दाखवत. ही शेवटची बंदिश तरी आपल्या गळ्यातून प्रथम उमटावी, अशी शरयूची मनापासून इच्छा होती. शहरातले एक नामवंत गायक तिला शिष्या करून घ्यायला तयार होते. तिने मनाशी ठरवून टाकले की हीसुद्धा बंदिश मास्तरांना आधी दिली, तर आपण बुवांचे घर सोडायचे. घरी आईवडिलांनाही तिने तसे सांगून ठेवले होते.

एका संध्याकाळी बंदिश तयार झाली. बुवांनी घसा साफ केला आणि नेहमीसारखे म्हणाले, मास्तर, पुढे या.

शरयूने तानपुरा खाली ठेवला. सूर चालू असताना तानपुरा खाली ठेवणे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बुवा, माझ्या गळ्यात काय कमी आहे ते आज मला सांगा," शरयू म्हणाली. "नाहीतर उद्यापासून मी येणार नाही."

बुवा रागावतील असे सर्वांना वाटले, पण ते रागावले नाहीत. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "उद्याचं उद्या बघू. आज बस आणि ऐक."

बंदिशीतला प्रसंग साधा होता. दिवस मावळतो आहे, एक बाई नदीच्या अलीकडच्या काठावर उभी आहे, आणि पलीकडच्या नावाड्याला हाक मारते आहे. पहिले कडवे खालच्या स्वरांत होते, ते मास्तरांनी बरे गायले. दुसऱ्या कडव्यात हाक होती. ती वरच्या षड्जावर चढत होती, आणि तिथून लगेच शब्दांचा एक लोट खाली येऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडत होता. मास्तर हाकेपर्यंत पोचले आणि पुढे त्यांचा श्वास तुटला. पुन्हा गायले, पुन्हा तिथेच तुटला. कितीही वेळा म्हटले तरी तेच. ती बाई हाक मारते आहे की धापा टाकत खाली बसते आहे, काही कळेना.

शरयूला मास्तरांची कीव आली. बुवा मात्र आनंदाने मांडीवर थाप मारून म्हणाले, सापडली चूक. मग डोळे मिटून थोडा वेळ पुटपुटत राहिले आणि त्यांनी हाकेनंतरचे दोन शब्द काढून टाकले. आता हाक वरच्या षड्जावर थांबत होती. नंतर काही मात्रा तालाखेरीज काहीच नव्हते, आणि मग उरलेली ओळ सावकाश उतरत होती. मास्तरांनी ती म्हटली. आवाज होता तसाच खरखरीत होता, पण ओळ कुठेही अडली नाही. हाकेनंतरच्या त्या रिकाम्या जागेत ती बाई कान देऊन उत्तराची वाट पाहते आहे, असे आता स्पष्ट ऐकू येत होते. शरयूने नकळत खिडकीबाहेर पाहिले.

"आता तू गा," बुवा तिला म्हणाले. "पण मी आधी बांधली होती तशी. ते दोन शब्द ठेवून."

शरयूने नुकतीच ऐकलेली ती ओळ उचलली. हाक वर चढली आणि तिथून शब्दांचा लोट असा काही डौलात समेवर आला की दारातल्या काकूंनी मान डोलावली. कुठेही श्वास तुटला नाही. ऐकणाऱ्याने हरखून जावे असे ते गाणे होते.

"चूक कुठे गेली?" बुवांनी विचारले.

चूक होती तिथेच होती, आणि तरी ती कोणालाच ऐकू आली नव्हती, शरयूला स्वतःलाही नाही.

तेव्हा बुवा म्हणाले, "शरयू, तुझ्या गळ्यात कमी काहीच नाही. माझी अडचण तीच आहे. दरबारात असताना मी एका थोर गवयासाठी बंदिशी बांधत असे. मी कसलीही ओबडधोबड ओळ दिली तरी ते तिचं सोनं करायचे, आणि लोक मला शाबासकी द्यायचे. ते गेले. त्यांच्यामागे माझ्या त्या बंदिशी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात उभ्याच राहिनात. सगळ्या त्यांच्यावर टेकून उभ्या होत्या, आणि मला वाटत होतं की त्या मी बांधल्या आहेत. तुझा गळाही तसाच मायाळू आहे, बाळ. माझी चूक दिसली की तो पोटात घालतो, माझ्यापर्यंत येऊच देत नाही. मास्तरांच्या गळ्याला ते परवडत नाही. आज ती बाई हाक मारत होती आणि मी तिला उत्तर ऐकायला थांबूसुद्धा देत नव्हतो. तू गायली असतीस तर हे मला जन्मात कळलं नसतं."

एवढे बोलून त्यांना दम लागला. काकूंनी पाणी आणून दिले आणि कोडे उलगडल्याच्या समाधानात त्या आत गेल्या.

शरयूच्या मनातला राग निवळला, पण त्याच्या जागी दुसरीच टोचणी लागली. मास्तरांच्या देखत हे सारे बोलले गेले होते. आपला आवाज वाईट म्हणूनच आपल्याला पुढे बसवतात, हे ऐकून त्या माणसाला काय वाटले असेल? बाहेर पडल्यावर तिने वाटेत त्यांना तसे विचारलेच.

मास्तर म्हणाले, "मला बुवांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी रडलो."

"मग परत का आलात?"

"माझ्या या आवाजाचा कोणाला काही उपयोग होईल, असं तोवर मला कधी वाटलंच नव्हतं," मास्तर म्हणाले, आणि त्यांचे घर आले म्हणून ते वळून गेले.

शरयूने बुवांचे घर सोडले नाही. परिषदेपर्यंत ती रोज ती बंदिश गात राहिली आणि बुवांनी तिच्याकडून ती मनाजोगी बसवून घेतली. प्रवास झेपण्यासारखा नव्हता, म्हणून बुवा घरीच राहिले आणि तानपुऱ्यासाठी मास्तर तिच्याबरोबर गेले.

शहरात थंडी होती. बैठकीच्या दिवशी सकाळी शरयू उठली तेव्हा तिचा घसा पार बसलेला होता. गरम पाणी झाले, ज्येष्ठमध झाला, काढा झाला. दुपारपर्यंत बोलण्यापुरता आवाज सुटला, पण तो आवाज तिचा नव्हता. खरखरीत, आणि वर चढला की चिरकणारा. संयोजक भले गृहस्थ होते. त्यांनी सांगितले की या खेपेस राहू द्या, पुढच्या वर्षी पुन्हा बोलावू. एका वडीलधाऱ्या गायिकेनेही तिला समजावले की पहिल्या बैठकीत लोक जे ऐकतात तेच वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. शरयूने दोघांचेही ऐकून घेतले आणि मास्तरांना तानपुरा नेहमीच्या पट्टीच्या पुष्कळ खाली लावायला सांगितला.

संध्याकाळी ती बसली. तिच्याजवळ त्या दिवशी तान नव्हती, गळ्याची फिरत नव्हती, जिच्यासाठी तिला बोलावले होते त्यातले काहीच नव्हते. तिने थोडी आलापी केली आणि सरळ बंदिश धरली. पहिल्या कडव्याला लोकांची चुळबुळ चालू होती. दुसऱ्या कडव्यात हाक आली. ती जेमतेम वर पोचली आणि बुवांनी ठेवलेल्या रिकाम्या जागेत थांबली. त्या थांबण्यात सगळे सभागृह थांबले. पुढच्या रांगेतला एक म्हातारा कानामागे हात धरून पुढे वाकला, जणू उत्तर यायचेच होते. मग ओळ उतरली आणि समेवर आली. टाळ्या व्हायला वेळ लागला, आणि त्या फार मोठ्याही नव्हत्या. मागे मास्तर मात्र तानपुरा छेडता छेडता डोळे पुसत होते.

गावी परतल्यावर दोघे थेट बुवांकडे गेले. बुवा अंथरुणावर उशीला टेकून बसले होते. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली असावी, कारण त्यांनी बाकी काही न विचारता पहिला प्रश्न आवाजाचाच केला.

"आवाज कसा होता?"

"आवाज नव्हता, बुवा," शरयू म्हणाली.

"मग काय होतं?"

"बंदिश होती."

बुवांनी मान डोलावली. मग त्यांनी काकूंना हाक मारून तिघांसाठी चहा ठेवायला सांगितले.