ठमायचा सांधा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आपल्या वेळखारला समुद्राच्या मर्जीनं भात पिकायचं. शेतं खोलगट, शेजारी खाडी, आणि मधे नुसता मातीचा बांध. भरतीचं खारं पाणी अडवायला दुसरं काहीच नव्हतं.

गावाचे पाडे दोन, वरचा आणि खालचा. बांधही दोघांनी अर्धा-अर्धा वाटून घेतलेला. आपापला वाटा ते असा राखायचे की वरून बैलगाडी जावी. पण दोन वाटे जिथे भेटायचे, त्या सांध्यावर माती कोणी टाकायचं नाही. वरचे म्हणायचे, ती जागा खालच्यांची. खालचे म्हणायचे, वरच्यांची. मोठ्या भरतीला, म्हणजे उधाणाला, बांध फुटायचा तो नेमका तिथेच. मग दोन्ही पाडे आपापल्या बाजूला छाती काढून उभे राहायचे. हसू नका, आपलेच पूर्वज ते!

त्या सांध्याच्या मागेच ठमायचं शेत होतं. ठमाय वरच्या पाड्याची लेक आणि खालच्या पाड्याची सून. ती हाक मारायची तेव्हा खाडीपलीकडची गुरं माना वळवायची, असं म्हणतात.

एका साली सांध्यावर मोठी खांड पडली. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. तिच्यातून पाणी शिरलं आणि सगळी शेती खारावली. आदल्या सालीही तेच झालं होतं. लोक गाव सोडायची भाषा करू लागले. येत्या अमावास्येच्या उधाणाआधी खांड बुजली नाही तर वेळखार उठणार, हे सगळ्यांना कळून चुकलं.

वरच्या पाड्याचा गोमा म्हणाला, “आमचा बांध बघ. मुंगीला वाट नाय.”

“आन् आमचा काय चालनीचा हाय?” खालच्या पाड्याचा पोशा उसळला.

ठमाय म्हणाली, “दोगांचा बांध चांगला हाय. मंग माजे शेतान पानी कंचे वाटेनं आला?”

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मग ठमायनं साऱ्या गावाला हाक दिली आणि गाव आलं. पण पहिल्या दिवशी तिनं काय केलं? बांधावर उभी राहून एकटीच ओरडत राहिली. माती आण, पेंढा आण, इकडे ये, तिकडे जा! माणसं एकमेकांवर आदळली. माती पडली, पण ती तुडवायला कोणी नाही. दुपारची भरती आली आणि सगळी माती घेऊन गेली.

“ठमे,” गोमा म्हणाला, “सगलं तूच बोलतंस. आमी काय नुसतं पाय घेऊन आलोत?”

ठमायला ते फार लागलं. घरी जाऊन ती चुलीपाशी फुगून बसली. पण बोलणं खरं होतं, आणि खरं तिला पचायचं. ओहोटी लागताच ती परत आली, आणि या खेपेला तिनं हुकूम सोडले नाहीत, विचारत फिरली. कुठली माती धरते? पोशाला ठाऊक होतं. लाकडाच्या मेढी खोल कोण ठोकेल? गोमाची माणसं. पेंढा कालवून चिखल तुडवायचं काम म्हाताऱ्यांनी आपणहून मागून घेतलं. ठमायनं एकच गोष्ट आपल्या मनाची केली. मातीची पाटी एकट्यानं उचलायची नाही. एका काठाला वरच्या पाड्याचा हात, दुसऱ्या काठाला खालच्याचा. आणि पहिली पाटी सांध्यावर.

आधी लोक नाकं मुरडत होते. पण एका पाटीला दोघं लागले की भांडायचं कसं? पाय जुळले, मग श्वास जुळले. बांध चढू लागला.

अमावास्या उजाडली तेव्हा थोडंच काम उरलं होतं, आणि ठमायचा आवाज पार बसला होता. तोंडातून शब्द फुटेना. भरदुपारी उधाण आलं. ती तोंडावर हात धरून उभी राहिली. आता कोण सांगणार?

“पोशा, माती!” गोमा ओरडला.

“आली रं गोमा!” पोशानं साद दिली.

मग रांगेतून हाका सुरू झाल्या. ज्याला जे दिसेल ते तो सांगत होता, आणि ऐकणारा ऐकत होता. ठमायच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिला इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता.

शेवटची पाटी पडली आणि पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं. मग ते माथ्याच्याही वर बोटभर चढलं, तिथेच थरथरत उभं राहिलं, पण आत थेंबही सांडला नाही, असं म्हणतात. समुद्रानं म्हणे सांध्याजवळ येऊन वाट शोधली, आणि वाट सापडेना तसा तो आल्या पावली परत गेला. पुढच्या पावसांनी शेतातलं मीठ धुऊन नेलं आणि वेळखारला भात पिकलं, तेही दाण्याला दाणा लागून.

आजही दर साली बांधाची डागडुजी निघते, तेव्हा पहिली पाटी सांध्यावर पडते, दोन पाड्यांच्या दोन हातांनी. पुढारी दर साली नवा असतो, आणि पहिला दिवस त्यानं हुकूम सोडायचे नसतात, नुसतं विचारत फिरायचं. त्याला ठमायचा दिवस म्हणतात.

आणि बाहेरचा कोणी पाहुणा येऊन विचारतो, एवढा बांध बांधला कोणी? तेव्हा ठमायचं नाव कोणी घेत नाही. मरताना तिनं तसं बजावूनच ठेवलंय. विचारलंत तर शेंबडं पोरही छाती काढून सांगेल, “आमी बांधला.”