शेंड्यावरचं घरटं

विहिरींवर मोटा चालायच्या त्या काळी एका विहिरीवरच्या बाभळीत सुगरण पक्ष्यांचं विद्यापीठ भरत असे. खाली खोल पाणी, म्हणून तिथला नियम कडक होता. विणलेलं घरटं इतरांनी चोचीनं ओढून पाहायचं. टिकलं तरच त्यात अंडी घालायची. शेंड्यावरचं कुलगुरू केतकीबाईंचं घरटं मात्र कुणी ओढत नसे.

यंदा रेवू नावाच्या विद्यार्थिनीनं ते ओढलं, आणि दोन धागे सुटले. एकच कालवा झाला. "बाईंच्या घरट्याला चोच लावतेस? हाकला हिला!"

केतकीबाईंचंही डोकं तापलं. "हा आगाऊपणा कुठे शिकलीस गं?"

"इथेच, बाई. पहिल्याच दिवशी तुम्ही शिकवलात."

केतकीबाईंनी सुटलेले दोन धागे निरखून पाहिले. वरची गाठ त्यांनी घाईत मारली होती. कुणी ओढत नाही, म्हणजे ती पक्कीच असणार, अशी त्या स्वतःची समजूत घालत होत्या.

त्यांनी घरटं उसवलं. नवं विणलं, ते सगळ्यांत खालच्या फांदीला टांगलं, जिथे नुकतं उडायला लागलेल्या पिल्लाचीही चोच पोचते.