धाकटे सरकार

करंजओळीच्या वनोद्यानात शिरलं, की चालायची वाट शंभरेक पावलांवर एका थोरल्या ऐनाच्या झाडाला वळसा घालून जाते. पाटीवर नुसतं ‘ऐन’ लिहिलंय. गावात मात्र त्याला धाकटे सरकार म्हणतात. टेकू नका हो त्यांना, फोटो लांबूनही चांगला येतो.

असं सांगतात, की हे सगळं रान पूर्वी इनामदारांचं. इनामदार निपुत्रिक वारले आणि मागं द्वारकाबाई उरल्या. वारस नसेल तर इनाम सरकारजमा आणि रान तोडीला, असा हुकूम आला. बाईंचा सगळा जीव त्या रानात. दत्तक मुलगा मागायला त्या दारोदार फिरल्या. पण भाऊबंद पक्के, लाकडाचा मक्ता आधीच आपसात ठरवून बसलेले. पोर कोण देतोय!

मग बाईंनी या ऐनालाच दत्तक घ्यायचं ठरवलं. भटजी म्हणाले, “शास्त्रात बसत नाही, बाईसाहेब.”

“मग शास्त्राला जरा सरकायला सांगा.”

फांदी ओटीत घेऊन त्या मुळाशी बसल्या. साऱ्या गावाला बुंदीचं जेवण घातलं. कचेरीतला कारकून मात्र पोट धरधरून हसला. “चिरंजीवांना सहीला पाठवा,” म्हणाला.

पौषात कुऱ्हाडी आल्या. तोडणारे गावातलेच, पोटापुढं कुणाचं चालतं? महिनाभर बाई सोप्यात बसून एकेक झाड पडल्याचा आवाज ऐकत राहिल्या. काही म्हणजे काही करता येईना. शेवटी ऐनापाशी येऊन मुकादम हैबतीनं कुऱ्हाड खाली ठेवली.

“याच्या दत्तकाचं जेवलोय आम्ही. हात उचलत नाही.”

उघड्या माळावर तो एकटाच उभा राहिलेला पाहून बाईंना रडू फुटलं. “अरे, या पोरक्याला तरी कशाला ठेवलंस मागं?”

पुढच्या श्रावणात बाई गेल्या. भाऊबंद फिरकले नाहीत. अग्नी हैबतीनं दिला. दहाव्याला नदीवर भटजींनी विचारलं, “मुलाच्या नात्यानं केस कोण उतरवणार?” परतताना लोक बघतात तो काय, भर पावसात ऐनाच्या अंगावर एक पान नाही म्हणे! सगळी बुंध्याशी गळून पडलेली.

पुढं त्याच्याच बिया वाऱ्यानं पसरल्या आणि रान पुन्हा उठलं. आजही श्रावणात ते गच्च हिरवं असतं आणि हा एकटा दहा दिवस भुंडा. नवा आलेला वनरक्षक दरवेळी कीड लागली म्हणून औषधाचा पंप घेऊन धावतो. म्हातारी माणसं त्याला वाटेतच अडवतात.

“राहू दे बाबा. सुतक आहे त्यांना.”