बावीस फटी

"बॅटरी नवी, वायर नवी, बटण नवं. मग आता राहिलं काय, उस्ताद?"

दस्तगीर उस्तादांनी बशीतला चहा संपवला. मगच मान वर केली.

"दाबा की."

हेमलता मगदूमनं बटण दाबलं. घर्र... घर्र... चढावर बैलानं बसकण मारावी तशी गाडी गप्प झाली.

मोटरसायकल अठरा वर्षांची. तिला किक नव्हतीच. बटणावर उठली तर उठली. हेमलता तंत्रनिकेतनात विजेच्या मोटरी शिकवायची. मिरजेतल्या कुठल्याही मिस्त्रीला तिनं आजवर गाडीला हात लावू दिला नव्हता. तीन आठवड्यांत सगळं स्वतःच बदललं. गाडी मात्र हलेना. शेवटी नवरा म्हणाला, "देऊन टाक एकदाची." चार वाजता तासगावचं गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं.

म्हणून ती गाडी ढकलत उस्तादांच्या गॅरेजात आली होती. नाइलाजानं.

"सेल्फ सुस्त झालाय," इंजिनाला पहिला धक्का देणाऱ्या छोट्या मोटरीकडं बोट दाखवत उस्ताद म्हणाले.

"ते मलाही कळतं. करंट जास्त ओढतो, फिरतो कमी. आतलं फिरणारं आर्मेचर जळलं असणार. त्याचं काय होतं, चुंबकाचं क्षेत्र जे असतं ना, ते..."

उस्तादांनी दहाचा पाना तिच्या हातात ठेवला.

"मी खोलू?"

"शिकवता न्हवं?"

तिनं बाह्या सारल्या. दोन बोल्ट निघाले, सेल्फ सुटून हातात आला. झाकण उघडताच आतून काळी भुकटी भसकन बाहेर पडली. आर्मेचरवर घासत त्याला करंट पोचवणारे कार्बन झिजून नखाएवढे राहिले होते. जळलेलं मात्र काहीच नव्हतं.

"बघा, कार्बनच गेलेत! मी म्हणतच होते."

तिनं म्हटलं नव्हतं. उस्तादांनी नव्या कार्बनची पुडी पुढं केली.

तिनं नवे कार्बन बसवले. आर्मेचरच्या टोकाचं तांबं काळंठिक्कर पडलं होतं. त्याला बारीक पॉलिशपेपर गुंडाळून तिनं तासभर घासलं. घासताना तोंड चालूच होतं. चुंबक, वेटोळी, करंटची दिशा... उस्ताद शेजारी बसून दुसऱ्या गाडीची चेन तेलवत होते. मधूनच "हां" म्हणायचे.

तांबं चिंचेनं घासलेल्या कळशीसारखं लखलखलं. तिनं ते उन्हात धरलं.

"आता बघा, उस्ताद!"

सेल्फ जोडून तिनं बाकड्यावर ठेवला, बॅटरीच्या दोन वायरी लावल्या.

घुर्र... घुर्र...

"चकाकलं," उस्ताद म्हणाले. "फिरलं न्हाई."

तिचं तोंड उतरलं. दोन वाजून गेले होते.

उस्तादांनी सेल्फ पुन्हा खोलला आणि आर्मेचर तिच्यासमोर धरलं.

"तांब्याच्या पट्ट्या किती?"

तिनं मोजल्या. "बावीस."

"दोन पट्ट्यांच्या मधी काय?"

"मधे? मधे काही नाही. फट."

"काही न्हाई?... दाखवा बरं."

तिनं वाकून पाहिलं. बोटानं फट चाचपली. लागलीच नाही. बाविसाच्या बावीस फटी भुकटीनं ठासून भरल्या होत्या, आणि वरून तिनं त्या तासभर गुळगुळीत केल्या होत्या.

ही आकृती ती दरवर्षी फळ्यावर काढायची. पट्टी, फट, पट्टी, फट. फट बुजली की करंट भलतीकडे पळतो, हे पोरांकडून घोकून घ्यायची.

ती बोलायला गेली. तोंड उघडलं...

आणि मिटलं.

उस्तादांनी करवतीच्या पात्याचा घासून पातळ केलेला तुकडा तिला दिला. ती एकेक फट कोरत गेली. तांब्याला ओरखडा उठू नये म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत होती. गॅरेजमध्ये फक्त खरखर ऐकू येत होती. उस्तादांनी चेन खाली ठेवली आणि प्रथमच तिच्याकडे टक लावून पाहिलं.

बाविसावी फट झाली. पेट्रोलच्या बोळ्यानं पुसून घेतलं, आसाच्या बुशला बोटभर ग्रीस लावलं, सेल्फ गाडीवर चढवला.

तिनं बटणावर अंगठा ठेवला. दाबवेना.

"भ्यायची काय गाडी हाय का ही?" उस्ताद हसले.

खट्. गाडी एका दमात उठली!

हेमलता अशी ओरडली, की पलीकडचा चहावाला पळत आला. काळ्या नाकानं, विस्कटल्या केसांनी ती चौकापर्यंत जाऊन आली. गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. सात वेळा. मग तिनं तासगावला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "येऊ नका. गाडी द्यायची नाही."

बाकड्यावर पेपर पसरलेला होता. फटींतली सगळी भुकटी त्यावर साठली होती. तिनं पेपर चारी बाजूंनी उचलून धरला.

"उस्ताद, हा कचरा कुठं टाकू?"

उस्तादांनी चिमूटभर भुकटी बोटांत घेतली, उजेडात धरली.

"कचरा कसला, बेटी?... अठरा वर्षं रोज सकाळी गाडी सुरू करताना जे झिजलं, ते हे."